आमची मांडही तपासा

उपचारात्मक घोडेस्वारीच्या प्रशिक्षकांना प्रमाणपत्र देणाऱ्या आणि मुदत संपली की त्याचं नूतनीकरण करणाऱ्या मंडळांच्या सर्व सदस्यांस,

सप्रेम नमस्कार.

मी अपंगत्व किंवा आजार असलेल्या मुलांना घोडेस्वारी शिकवते. गेल्या महिन्यात मी माझ्या प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाचा फॉर्म भरला. बसल्या बैठकीला वीस मिनिटांत झाला. वर्षभरात ऐकलेली ऑनलाइन व्याख्यानं, त्यांची प्रमाणपत्रं, प्रथमोपचाराचं कार्ड, शुल्काची पावती, सगळं एका फोल्डरमध्ये तयारच होतं. नूतनीकरणाला व्याख्यानांचे जेवढे तास हवे होते त्यापेक्षा चार तास जास्तच भरले. त्याच समाधानात संगणक बंद केला. आणि त्याच आठवड्यात रिंगणात असं काही घडलं, की जे लिहायला त्या फॉर्मवर जागाच नव्हती. म्हणून हे पत्र.

दहा वर्षांचा एक मुलगा घोडीवर होता. त्याला झटके येतात, पण दीड वर्षापासून औषधाने आटोक्यात होते. डॉक्टरांची लेखी परवानगी फाइलला लावलेली. घोडीच्या तोंडाशी तिला धरून चालवणारा लीडर, दोन्ही अंगांना मुलाला सांभाळत चालणारे साइडवॉकर. चौदाव्या मिनिटाला, वळणावर, मुलाची नजर एका जागी थिजली आणि मान ताठ झाली. "थांबा! इमर्जन्सी डिसमाउंट!" म्हणजे मुलाला तातडीने खाली उतरवा, असं मी ओरडले, इथपर्यंत बरोबर. पण कोणत्या अंगाने उतरवायचं हे सांगताना "डावीकडे" म्हणायच्या ऐवजी मी "इकडे" म्हणाले. माझ्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाला इकडे म्हणजे कुठे, हे काय कळणार? डावीकडच्या स्वयंसेवकाने मुलाच्या कमरेला मिठी घातली आणि ओढायला सुरुवात केली. उजवीकडची मुलगी मात्र त्याची मांडी घट्ट धरून उभीच राहिली. तिने हा प्रकार तोवर फक्त पागेच्या भिंतीवरच्या तक्त्यात पाहिला होता. मुलाचा उजवा पाय रिकिबीत अडकलेला. रिकीब बाजूचा रबर सुटून उघडणारी होती, म्हणून पाय निघाला. मुलगा खाली आला, त्याला कुशीवर झोपवलं, दोन मिनिटांत तो भानावर आला. "मला आज लवकर का उतरवलं," म्हणून नंतर आईपाशी कुरकुरलासुद्धा.

कुणाला खरचटलंही नाही. पण वाचवलं ते त्या रबराने, मी नाही. संध्याकाळी नोंदवही काढून बसले. सगळ्या टीमने मिळून हा सराव शेवटचा केला, त्याला एक वर्ष सात महिने झाले होते. त्या दिवशीच्या दोघा साइडवॉकरांपैकी एकही तेव्हा आमच्याकडे आलेला नव्हता. आणि कागदोपत्री मी पूर्ण पात्र होते. वर चार तास शिल्लक!

कागदी घोडे नाचवणं हा वाक्प्रचार आपण सरकारी कचेऱ्यांसाठी वापरतो. खऱ्या घोड्यांत दिवस काढणाऱ्या आमच्यावर तो लागू व्हावा, याची त्या संध्याकाळी लाज वाटली.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. व्याख्यानांच्या तासांवर माझा राग नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मी प्रमाणपत्र घेतलं, तेव्हा डाउन सिंड्रोम असलेलं मूल घोड्यावर बसवण्याआधी मानेच्या एक्स-रेची खूण फॉर्मवर झाली की आम्ही निश्चिंत होत असू. मानेचे पहिले दोन मणके एकमेकांवर सरकण्याची भीती या मुलांत असते, म्हणून तो एक्स-रे. पुढे २०११ मध्ये अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने लक्षणं नसलेल्या मुलांचा सरसकट एक्स-रे काढण्याची शिफारस सोडून दिली. आजचा एक्स-रे चांगला निघाला, म्हणजे उद्या त्रास होणार नाही असं नसतं. नजर ठेवायची ती बदलांवर. चाल बिघडली का, हातातली ताकद गेली का, मान दुखते म्हणते का, लघवीवरचा ताबा सुटायला लागला का. हे मला एका व्याख्यानात कळलं आणि तेव्हापासून मी दर वेळी पालकांना हे चार प्रश्न विचारते. तसंच २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हॉर्स ग्रिमेस स्केलचं. घोड्याचा चेहरा पाहून त्याची वेदना ओळखायची ही मोजपट्टी: मागे ताठरलेले कान, आवळलेले डोळे, डोळ्यांवरचा ताण, उठून दिसणारे चावण्याचे स्नायू, घट्ट मिटलेलं तोंड, ताणलेल्या नाकपुड्या. या सहा खुणा माझ्या वेळच्या अभ्यासक्रमात असणं शक्यच नव्हतं. त्यामुळे ज्ञान शिळं होतं आणि ते ताजं करायला तास हवेत, हे मला मान्य आहे.

माझं म्हणणं एवढंच, की आमच्या कामात ज्ञानाआधी शरीर शिळं होतं. आणि त्याची चौकशी तुम्ही एकदाच करता, पहिल्या परीक्षेला. तेव्हा मला घोड्यावर बसून साधी चाल, ट्रॉट म्हणजे दुडकी चाल आणि कॅन्टर म्हणजे संथ दौड दाखवावी लागली होती, आखून दिलेल्या खुणांवर वर्तुळं काढावी लागली होती, आणि परीक्षकांसमोर एक पूर्ण तास घ्यावा लागला होता. पोटात गोळा आला होता. त्यानंतर आजतागायत मला शिकवताना तुमच्यापैकी कुणी पाहिलेलं नाही.

याच फोल्डरमधलं प्रथमोपचाराचं कार्ड बघा. साधारण दोन वर्षांनी ते संपतं. पुन्हा मिळवायचं तर गुडघ्यांवर बसून पुतळ्याची छाती दाबून दाखवावी लागते: मिनिटाला १०० ते १२० वेळा, प्रौढ माणसाची असेल तर निदान ५ सेंटिमीटर खोल. दर खेपेला माझा दाब पहिल्या मिनिटात उथळ पडतो, शिकवणारे खांद्यावर टिचकी मारतात, मग मी सुधारते. मला आकडे पाठ आहेत, म्हणून ते मला सोडत नाहीत. आकडे डोक्यात राहतात, हात विसरतात, हे त्या लोकांनी कधीच ओळखलं आहे. मग घोड्यावरून मूल उतरवणारे हात विसरत नाहीत, असं आपण कशाच्या बळावर धरून चालतो?

आता माझी मांड, म्हणजे घोड्यावरची बैठक, तिची गोष्ट. ही सांगायला जास्त अवघड आहे.

मध्यंतरी तीन वर्षं मी घोड्यावर बसलेच नाही. ठरवून नव्हे, होत गेलं. घोड्यांनी दिवसात किती काम करायचं याला मर्यादा असते आणि ती सगळी स्वारांच्या वाट्याला जावी, हे योग्यच. घोड्यावरचा भार त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत ठेवावा, हा ढोबळ नियम पाळला तर ३०० किलोच्या तट्टाला खोगिरासकट ६० किलो. त्या हिशोबात मी केव्हाच बसत नव्हते. राहता राहिले दोन मोठे घोडे, आणि तास संपल्यावर त्यांना पुन्हा खोगीर घालायला जीव होत नसे. संध्याकाळ फॉर्म भरण्यात आणि स्वयंसेवकांची जुळवाजुळव करण्यात जाई. "मी तर जमिनीवर उभी राहून शिकवते, मला बसायची काय गरज," अशी मनाची समजूतही तयार होती.

त्या काळात आमच्या सतरा वर्षांच्या घोड्यावर एक मुलगी येत असे. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा नाही; डावं अंग कमजोर. आठ महिने तिची बैठक छान सुधारत गेली. मग ती उजवीकडे झुकायला लागली. मी प्रगतीच्या वहीत लिहिलं, "उजवीकडे झुकते. थकवा?" पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. उशी बदलली, रिकिबींची लांबी बदलली, साइडवॉकरांना धरायची पद्धत बदलायला सांगितलं. तीन महिने वहीत तीच ओळ, पुढे तेच प्रश्नचिन्ह.

एका रविवारी पाहुणा प्रशिक्षक आला होता. त्याने सहज विचारलं, "या घोड्यावर तू स्वतः शेवटची कधी बसलीस?" मी हसण्यावारी नेलं. मग चढले. पहिली दहा मिनिटं माझ्याच अंगाची ओळख पटेना. टाचा वर, खांदे कानांपाशी. पण रायझिंग ट्रॉट, म्हणजे दुडक्या चालीच्या ठेक्यावर खोगिरातून उठत-बसत जाणं, सुरू केल्यावर चार फेऱ्यांत कळलं. एका कर्णावर, म्हणजे पुढचा एक आणि मागचा तिरपा समोरचा अशा पायांच्या एका जोडीच्या ठेक्यावर, उठताना घोडा मला नीट वर देत होता, दुसऱ्यावर उठताना खालून काही येतच नव्हतं, पायरी चुकल्यासारखं. मागचा डावा पाय तो पूर्ण टाकत नव्हता. जमिनीवरून पाहताना त्याची चाल मला सरळ दिसत आली होती. पशुवैद्यांनी मागच्या पायाच्या हॉकमध्ये, म्हणजे माणसाच्या घोट्याशी जुळणाऱ्या सांध्यात संधिवात असल्याचं निदान केलं. या वयाच्या घोड्यात नवल नाही. त्याला विश्रांती आणि औषधं मिळाली, मुलीला दुसरा घोडा दिला. दुसऱ्याच आठवड्यात ती मधोमध बसली होती.

वहीतल्या त्या ओळी मी खोडल्या नाहीत. घोड्याचं दुखणं तीन महिने मी लेकराच्या नावावर लिहीत होते आणि दुखत्या पायाच्या घोड्यावर ओझं देत होते, ते तिथेच राहू दे.

हे फक्त माझ्यापुरतं नाही, हे तुम्हाला कुणी सांगायला नको. आमच्या कामाचा सगळा डोलाराच घोड्याच्या चालीवर उभा आहे. घोडा चालतो तेव्हा स्वाराचं कंबरडं पुढेमागे, वरखाली आणि आडवं असं तिन्ही दिशांनी हलतं, जवळपास स्वतःच्या पायांनी चालल्यासारखं, मिनिटाला शंभरेक पावलं. जे मूल कधी चाललं नाही, त्याच्या शरीराला चालणं म्हणजे काय हे तिथे कळतं. फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट याच चालीचा उपचारासाठी वापर करतात, ती हिप्पोथेरपी. तो आमचा प्रांत नाही, आम्ही घोडेस्वारी शिकवतो. पण चाल तीच. पाऊल लांब घ्यायला लावलं तर कंबरडं जास्त फिरतं, थांबवून पुन्हा चालवलं तर पोटाचे स्नायू जागे होतात, वर्तुळ लहान केलं तर बाहेरच्या अंगाला जोर लावावा लागतो. प्रत्येक सूचनेसरशी वर बसलेल्याला काय वाटत असेल, हे माझ्या अंगात ताजं असेल तर माझी सूचना वेळेवर निघते. नसेल तर मी पुस्तकातलं वाक्य म्हणते आणि मूल ते वाक्य ऐकायच्या आत घोडा पुढे गेलेला असतो.

घोडा का अडला, या जुन्या कोड्याचं उत्तर लहानपणी आपण सगळेच ओरडून द्यायचो: न फिरवल्याने! कोड्यात प्रशिक्षकाचा प्रश्न नव्हता, पण उत्तर तेच आहे.

आपल्या क्षेत्रात जिचं नाव पहिलं घेतलं जातं, ती लिस हार्टेल डेन्मार्कची. १९४४ मध्ये पोलिओ झाला आणि गुडघ्यांखाली पाय लुळे पडले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजची, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींची स्पर्धा स्त्रियांना पहिल्यांदा खुली झाली आणि ज्युबिली नावाच्या घोडीवर तिने रौप्यपदक मिळवलं. १९५६ मध्ये पुन्हा. घोड्यावर चढायला-उतरायला तिला मदत लागायची. त्यानंतर ठिकठिकाणी हे काम उभं राहिलं. ब्रिटनमधली आणि उत्तर अमेरिकेतली मोठी संघटना दोन्ही १९६९ मधल्या. व्याख्यानांत तिचा फोटो दाखवतात आणि तो धीराचा दाखला म्हणून. मला त्यात दुसरंच दिसतं. पोटऱ्यांचा इशारा देता येत नाही, म्हणून तिने सगळं काम पाठीवर आणि वजनावर आणलं, आणि घोडीला तो बारीक इशारा कळेपर्यंत तिच्यासोबत राबली. रोज खोगिरात बसल्याशिवाय हे होत नाही.

तर माझं मागणं काय? तास वाढवा असं मी अजिबात म्हणत नाही. आहेत त्यातलेच काही तास रिंगणात आणा. वर्षातून एकदा, किंवा दोन वर्षांतून एकदा, प्रत्येक प्रशिक्षकाने आपल्या नेहमीच्या एका तासाचं चित्रण द्यावं. सुरुवातीच्या तपासणीपासून स्वार उतरून घोडा पागेत जाईपर्यंत, मध्ये कात्री न लावता. ते दुसऱ्या केंद्रातल्या प्रशिक्षकाने पाहावं आणि दोघांनी तासभर बोलावं. दूर एकट्याने केंद्र चालवणाऱ्यांना प्रवासाचा खर्च पडणार नाही, आणि पाहणाऱ्यालाही आपल्या चार चुका दुसऱ्याच्या रिंगणात सापडतील.

इमर्जन्सी डिसमाउंटचा सराव मात्र चित्रणावर सोडू नका. तो टीमनिशी, खऱ्या घोड्यावर, स्वार म्हणून एखादा धडधाकट स्वयंसेवक बसवून, ठरावीक महिन्यांनी व्हावा. नवीन माणूस आला की पुन्हा. त्याची तारीख आणि हजर असलेल्यांची नावं फॉर्मवर मागा. केवळ तो रकाना छापलेला असता, तरी एक वर्ष सात महिने गेले नसते.

आणि आमची मांड तपासा. वर्षातून काही तास प्रशिक्षकाने स्वतः घोड्यावर बसलेलं असावं, शक्यतो स्वतःच्या केंद्रातल्या घोड्यांवर, आणि प्रत्येक घोड्याबद्दल चार ओळी लिहाव्यात: पाऊल कसं वाटलं, कोणत्या अंगाला आखडतो, थांबताना डोकं टाकतो का. इथे एक पथ्य नक्की पाळा. आमच्यातले कितीतरी प्रशिक्षक स्वतः अपंग आहेत, काहींचं वय झालं आहे, काहींच्या पाठीचं ऑपरेशन झालं आहे. "घोड्यावर बसता येत नाही" म्हणून त्यांचं प्रमाणपत्र गेलं, तर ज्या माणसांसाठी आपण हे काम करतो त्यांनाच दार लावल्यासारखं होईल. त्यांना लंजिंग, म्हणजे लांब दोरीवर घोडा आपल्याभोवती गोल फिरवणं, करू द्या, लांब लगामावर घोडा चालवू द्या, किंवा दुसरा स्वार बसवून घोडा जमिनीवरून वाचून दाखवू द्या. मग स्वाराला काय जाणवलं त्याच्याशी ताडून पाहा. माझ्या ओळखीचे एक वयोवृद्ध प्रशिक्षक काठी टेकत उभे राहून घोड्याच्या टापांचा आवाज ऐकतात आणि कोणता पाय दुखतो ते सांगतात. ती परीक्षा मी तरी नापास होईन.

तुमच्या बैठकीत यावर काय आक्षेप येईल, याचा मला अंदाज आहे. प्रशिक्षक आधीच कमी, पगार तुटपुंजा, त्यात हे नवीन लचांड कोण करणार? बरोबर आहे. म्हणूनच वर म्हटलं, भर नको, अदलाबदल करा. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे, तो भीतीचा. चित्रणात चूक दिसली आणि प्रमाणपत्र गेलं, असं एकदा झालं तर पुढच्या वर्षी सगळे जण आपला सगळ्यात शांत घोडा, सगळ्यात समजूतदार स्वार आणि सगळ्यात जुने साइडवॉकर घेऊन तास रंगवतील. नाटकच होईल ते. तेव्हा पाहणाऱ्याच्या हातात शिक्षेचा अधिकार देऊ नका. जिवाला धोका असणारी चूक वारंवार दिसली, सांगूनही बदलली नाही, तरच ते मंडळाकडे यावं.

जाता जाता आणखी एक. माझी एक सहकारी आजारी वडिलांपाशी वर्षभर राहिली. मुदत टळली, तास भरले नाहीत, प्रमाणपत्र गेलं. तिला पहिल्या पायरीपासून सुरुवात करायला सांगितलं गेलं. बारा वर्षांचा अनुभव शून्य धरून. तिने नाद सोडला. ती आता शिकवत नाही. मी मात्र तीन वर्षं खोगिराला हात लावला नाही, आणि माझं प्रमाणपत्र दर वेळी वेळेवर नवं होत गेलं. आमच्या दोघींपैकी मुलाला उतरवताना कोण जास्त भरवशाचं ठरलं असतं, ते मला माहीत आहे. खंड पडलेल्यांसाठी परतीची वाट ठेवा: अनुभवी प्रशिक्षकाच्या नजरेखाली ठरावीक तास घेणं, आणि मग पुन्हा उभं राहणं.

या वर्षीच्या फॉर्मसोबत मी एक फाइल जोडली आहे. तुम्ही मागितलेली नाही. आमच्या रिंगणाच्या कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याने टिपलेलं एकतीस मिनिटांचं चित्रण आहे, कुठेही न कापलेलं. मुलाच्या आईवडिलांची लेखी परवानगी घेतली आहे आणि त्याचा चेहरा झाकला आहे. माझा झाकलेला नाही. चौदाव्या मिनिटाला मी "इकडे" म्हणते, ते स्पष्ट ऐकू येतं. उजवीकडच्या मुलीचे हात बघा. घोडीचे कानही बघा. तिला माझ्या आधी कळलं होतं असं मला वाटतं, पण तुम्ही पाहून सांगा.

आपली,
उत्तराची वाट पाहणारी एक प्रशिक्षक